अलास्का क्रूझ: पूर्ण समुद्रातला दिवस आईबाबांसोबत निवांत कसा घालवावा?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सिएटलहून सुटणारी ७ रात्रींची अलास्का क्रूझ बुक केली आहे. बरोबर आई (६८) आणि बाबा (७३), दोघंही भारतातून येणार आहेत. जुनो, स्कॅगवे, केचिकन इथे काय बघायचं ते ठरलंय. अडलंय ते पूर्ण समुद्रातल्या दोन दिवसांपाशी: एक सुटल्यानंतरचा लगेचचा दिवस, आणि दुसरा परतीचा, ज्या दिवशी संध्याकाळी जहाज व्हिक्टोरियाला लागतं.

या दोन दिवसांत दोघांना खरोखरची विश्रांती मिळावी एवढीच इच्छा आहे. आईला गाडी लागते, त्यामुळे बोट लागेल याची धास्ती. डेकवर बसता येतं का, की थंडीमुळे आतच बसावं लागतं? आई अंडंही खात नाही, तिच्या खाण्याचं कसं करावं? बाबांना इन्सुलिन चालू आहे. केबिन नवव्या डेकवर, बाल्कनीची, पण अगदी पुढच्या टोकाला मिळाली आहे. बदलून घ्यावी का? माहीतगारांनी जरा तपशिलात सांगावं.

डोलकाठी

केबिन बदलता येत असेल तर आजच बदला, बाकी सगळं नंतर. लाटेवर जहाज पुढे-मागे झुकतं तेव्हा मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो आणि दोन्ही टोकं सी-सॉच्या फळीसारखी वर-खाली होतात. वरच्या डेकवर आडवं डुलणंही जास्त जाणवतं. म्हणून पुढचं टोक आणि वरचा डेक ही जोडी आईंसाठी सगळ्यात वाईट. जहाजाच्या बरोबर मध्यावर, पाचव्या ते आठव्या डेकच्या दरम्यान बघा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेली जागा निवडा. वर बुफे किंवा पूल असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. बदल झाला की बुकिंगवर ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करून घ्या. नाहीतर सुटण्याच्या आदल्या आठवड्यात ‘वरची श्रेणी’ म्हणून पुन्हा पुढच्या टोकाला टाकू शकतात.

स्टॅबिलायझरचं नाव ऐकून निर्धास्त होऊ नका. पाण्याखालचे ते पंख आडवं डुलणं बरंच कमी करतात, पण पुढे-मागे हिंदकळणं त्यांच्या आवाक्यात नसतं.

आता मार्ग. सिएटलहून सुटणारी बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हर शहरातून सुटणारी जहाजं बेटाच्या आतल्या बाजूने जातात, तिथलं पाणी बरंच शांत असतं. तुमचं जहाज दुपारी ४ च्या सुमारास सुटलं तर प्युजेट साउंड आणि हुआन दे फुकाची सामुद्रधुनी पार करेपर्यंत जवळजवळ काहीच जाणवणार नाही. केप फ्लॅटरीचं टोक ओलांडलं की खऱ्या समुद्राच्या लाटा सुरू होतात, आणि तोवर रात्रीचे ११-१२ वाजलेले असतात. पुष्कळांची फसगत इथेच होते. संध्याकाळभर बरं वाटतं म्हणून गोळी घेत नाहीत, आणि पहाटे ३ ला मळमळून जाग येते. त्रास सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग फार कमी. पहिल्या रात्री झोपण्याआधीच ती पोटात गेलेली हवी.

डेकवर बसण्याबद्दल. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा वायव्येकडून असतो, आणि जाताना जहाजही वायव्येकडेच निघालेलं असतं. जहाजाचा वेग २० नॉट आणि समोरून वारा १५ नॉट असेल तर डेकवर दोन्हींची बेरीज लागते: ३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर. त्यात वर्तमानपत्रही उघडून धरता येत नाही. परतताना तोच वारा पाठीमागून येतो आणि वजाबाकी होते, डेकवर उरतात जेमतेम ५ नॉट. त्यामुळे जातानाचा दिवस आत, काचेमागे घालवायचा आणि डेकवरच्या खुर्च्यांचा दिवस परतीचा, असं सरळ वाटून टाका. जाताना मोकळ्या हवेत बसायचंच असेल तर जहाजाच्या मागच्या टोकाला, बुफेच्या मागे जी गच्ची असते तिथे बसा. सगळं जहाज वारा अडवतं. परतताना मात्र हीच जागा टाळा, धुराड्याचा वास आणि काजळी तिथेच रेंगाळते.

मेतकूट

खाण्याचं मी सांगते. बुकिंगच्या विशेष आहाराच्या रकान्यात ‘भारतीय शाकाहारी, अंडं-मासे वर्ज्य’ असं सुटण्याच्या निदान महिनाभर आधी लिहा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलंत तर अंडं गृहीत धरतात, ‘व्हीगन’ लिहिलंत तर दही-तूप-पनीरही बंद होतं.

पण त्या रकान्यावर सगळं सोडू नका. पहिल्या संध्याकाळी मुख्य डायनिंग रूममध्ये हेड वेटरला समक्ष भेटा आणि ‘उद्याच्या जेवणाचं आज सांगतो’ असं ठरवून घ्या. बहुतेक मोठ्या जहाजांवर ही पद्धत चालते. आदल्या रात्री उद्याचा मेनू दाखवतात, त्याखेरीज भाजी, डाळ, भात, रोटी सांगता येतं. ऐन वेळी मागितलं तर मिळतं ते उकडलेल्या भाज्यांचं ताट. स्वयंपाकघरात आणि वाढपात भारतीय मंडळी बरीच असतात, गोव्याची तर हमखास. विचारायला संकोच करू नका. फोडणीचं वरण म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

दिसायला शाकाहारी आणि प्रत्यक्षात नाही, अशा गोष्टी आईंना आधीच सांगून ठेवा. भाज्यांचं सूप पुष्कळदा चिकनच्या स्टॉकवर केलेलं असतं, फ्रेंच अनियन सूप तर बहुतेक गोमांसाच्याच. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात, वुस्टरशायर सॉसमध्येही तेच. मूस, पन्ना कोटा, मार्शमेलो यांत जिलेटिन. थाई करीत फिश सॉस. केक-पेस्ट्रीत अंडं धरूनच चाला. जोखीम नसलेलं खाणं म्हणजे फळं, साधा ब्रेड-लोणी, डोळ्यांसमोर करून दिलेला पास्ता (सॉस कसला ते विचारून, आणि पास्ता अंड्याचा तर नाही ना हेही), भाजलेला बटाटा, दही.

घरून काय न्यायचं? घरी केलेले पदार्थ बहुतेक कंपन्या जहाजावर चढू देत नाहीत. कारखान्यातलं सीलबंद पाकीट चालतं: खाकरे, चिवडा, लाडू, लोणच्याच्या पुड्या, तयार चहाची सॅशे. बुफेवर गरम पाणी जवळजवळ दिवसभर मिळतं, एक झाकणाचा थर्मास नेलात की पहाटे ५ चा चहा बाल्कनीत होतो. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री नेऊ नका, जप्त करून शेवटच्या दिवशी परत देतात. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच.

समुद्रातल्या दिवशी सकाळी ९ ते १० मध्ये बुफेला लोटालोट असते, कारण त्या दिवशी कुणालाच बंदरावर उतरायचं नसतं. वयस्कर माणसांना हातात ताट घेऊन डुलत्या फरशीवर टेबल शोधायला लावू नका. त्याच वेळी खालची डायनिंग रूम निम्मी रिकामी असते, टेबलावर बसून नाश्ता मिळतो आणि पैसे वेगळे पडत नाहीत. दुपारचा चहा ३ ते ४ च्या दरम्यान असतो, तोही बहुतेक तिथेच.

पानकावळा

डोलकाठींनी वाऱ्याचं फार नेमकं सांगितलंय. बघण्यासारखं काय, ते मी जोडतो.

आधी अपेक्षेचं बोलू. जातानाच्या दिवशी किनारा इतका दूर असतो की उजवी-डावी बाल्कनी यात फरक पडत नाही. त्यासाठी जादा पैसे देऊ नका. त्या दिवशीचं वैभव म्हणजे पक्षी. काळ्या पायांचा अल्बाट्रॉस या पाण्यात उन्हाळ्यात असतो, पंखांचा पसारा सुमारे २ मीटर. तो पंख न हलवता लाटांच्या अगदी वरून तिरका होत जातो, एका पंखाचं टोक पाण्याला टेकेल असं वाटतं. मागच्या गच्चीवरून बघा, जहाजामागे तो बराच वेळ राहतो.

देवमासे या उघड्या टप्प्यात कमीच दिसतात. हंपबॅकचा फवारा २-३ मीटर उंच जातो आणि शांत पाण्यावर लांबूनही कळतो. पाठ कमानीसारखी वाकली आणि शेपूट वर आली की तो खोल गेला, पुढची ५ ते १० मिनिटं वर येणार नाही. तेवढ्यात जहाज कितीतरी पुढे सरकतं: २० नॉटला मिनिटाला ६०० मीटरच्या वर. म्हणून शेपूट दिसली त्या जागेकडे टक लावून बसू नका, नजर दर मिनिटाला मागे मागे न्या. काळ्या-पांढऱ्या अंगाचे छोटे प्राणी पाण्याचे झोत उडवत जहाजाशेजारून सुसाट जाताना दिसले तर ते डॉल्स पॉरपॉइज. बऱ्याच जणांना ती ओर्काची (किलर व्हेलची) पिल्लं वाटतात.

दुर्बीण ८×४२ ची घ्या. १० पट मोठं दाखवणारी डुलत्या जहाजावर हातात स्थिर राहत नाही, डोकं दुखतं. आईंना मात्र जातानाच्या दिवशी दुर्बिणीतून बघू देऊ नका, बोट लागायला तेवढं पुरतं.

दोन्ही समुद्री दिवसांतला सगळ्यात सुंदर वेळ परतीच्या दुपारी ४ ते ७ चा. रात्री ८ च्या सुमारास व्हिक्टोरियाला लागणारं जहाज साधारण साडेचारला हुआन दे फुकात शिरतं. पाणी एकदम शांत होतं, डुलणं थांबतं. उजव्या हाताला ऑलिम्पिक पर्वताची बर्फाळ शिखरं, डावीकडे व्हँकुव्हर बेटाची जंगलं, आणि सूर्य पाठीशी. हंपबॅक दिसण्याची शक्यताही इथे चांगली. या वेळेत दुसरं काहीही ठेवू नका, झोपसुद्धा दुपारी ३ पर्यंत उरकून घ्या.

जातानाच्या दिवशी बसायची जागा म्हणजे पुढच्या बाजूचं काचेचं लाउंज. सकाळी ८ नंतर तिथे खुर्ची मिळणं कठीण. पण ते उंचावर आणि टोकाला असतं, म्हणून समुद्र खवळलेला असेल तर आईंना तिथे नेऊ नका. मधल्या डेकवर, प्रोमेनेडलगत (जहाजाच्या कडेने फिरायच्या वाटेलगत) खिडक्यांशेजारी खुर्च्या असतात. क्षितिज दिसतं, हालचाल कमी, लोकही फिरकत नाहीत. मला विचाराल तर तीच जागा उत्तम.

पाऊसवेडी

किती नेमकं लिहिलंय सगळ्यांनी! केबिनसाठी आत्ताच फोन केला. सातव्या डेकवर मधोमध मिळाली, ‘अपग्रेड नको’ हेही लिहून घेतलं. कपड्यांचं आणि औषधांचं कुणी सांगाल का? आई भारतातून अ‍ॅव्होमिन आणणार म्हणतेय. आणि समुद्रातल्या दिवसाचे कार्यक्रम वगैरे आधी बुक करावेत का?

कडुलिंब

औषधांचं वाचा, पण यातलं प्रत्येक आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दोघांचंही वय आणि चालू गोळ्या बघूनच ते ठरायला हवं.

अ‍ॅव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन असतं. त्याने गुंगी बरीच येते, आणि डुलत्या जहाजावर गुंगीत रात्री बाथरूमला उठणं धोक्याचं. अमेरिकेत दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम तुलनेने सौम्य पडते. प्रवासाआधी तासभर घ्यायची, परिणाम बराच वेळ टिकतो. एक घोटाळा टाळा: ड्रामामाइन या एकाच नावाखाली दोन वेगळी औषधं विकली जातात. मूळच्या पाकिटात डायमेनहायड्रिनेट असतं, ‘लेस ड्राउझी’ लिहिलेल्यात मेक्लिझिन. पाकिटाच्या मागचं नाव वाचूनच घ्या. दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र देऊ नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर या सगळ्याच गोळ्यांनी तो वाढू शकतो. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी उतारवयात भ्रम आणू शकते, म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याखेरीज ती नकोच.

गोळीखेरीज: पोट रिकामं ठेवायचं नाही, तुडुंब भरायचंही नाही. दर दोन-तीन तासांनी सुकं काहीतरी, खाकरा किंवा बिस्किट. आलेपाकाच्या वड्या जरूर न्या. मळमळ वाटली की केबिनमध्ये पुस्तक किंवा मोबाइल घेऊन पडून राहू नका, बाहेर क्षितिज दिसेल तिथे जाऊन बसा. फारच झालं तर डोळे मिटून सपाट झोपणं बरं.

बाबांबद्दल सगळ्यात महत्त्वाचं. उलट्यांमुळे जेवण पोटात राहिलं नाही आणि इन्सुलिनचा नेहमीचा डोस दिला, तर साखर धोकादायक खाली जाते. खाणं न झाल्यास किती डोस द्यायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. ग्लुकोजच्या गोळ्या खिशात असू द्या. केबिनमधला मिनीबार बहुधा खरा फ्रिज नसतो, जरा गार ठेवणारी पेटी असते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं, म्हणून वैद्यकीय फ्रिज आणि सुयांसाठी डबा बुकिंगच्या वेळीच मागा, पैसे सहसा पडत नाहीत. गरम पाण्याच्या जकुझीत किंवा सॉनात शिरण्याआधी लक्षात असू द्या की उष्णतेने इन्सुलिन लवकर शोषलं जातं. टोचल्यानंतर लगेच तिथे जाऊ नये.

घड्याळही सांभाळा. अलास्काची वेळ सिएटलच्या १ तास मागे. पहिल्या किंवा दुसऱ्या रात्री जहाजावरची घड्याळं मागे घेतात. मोबाइल एअरप्लेन मोडवर असेल तर तो जुनीच वेळ दाखवत राहतो. बाबांच्या हातात साधं घड्याळ असू द्या, जहाजाच्या वेळेवर लावलेलं.

हात साबणाने २० सेकंद धुवायचे, दर जेवणाआधी. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही.

आणि व्हिजिटर इन्शुरन्स जहाजावर आणि कॅनडात चालतो का ते पॉलिसीत शोधा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल वेगळं येतं.

डोलकाठी

कपडे थरांचे. जुलैत हवा १० ते १६ अंश, ऐकायला पुण्याची थंडी. पण १० अंशांत नुसत्या जहाजाच्या वेगाचा वारा लागला तरी अंगाला ६ अंशांसारखं वाटतं. आतून थर्मल, वर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं टोपीचं जॅकेट. नुसता जाड लोकरी कोट उपयोगी नाही, वारा त्याच्यातून आरपार जातो. कानटोपी बांधता येणारी हवी. साडीखाली लोकरी लेगिंग आणि रबरी तळव्याचे बूट, डेक दवाने ओला असतो. छत्री बॅगेत घालूच नका. बऱ्याच जहाजांवर डेकच्या खुर्च्यांपाशी जाड ब्लँकेटं ठेवलेली असतात, शाल त्याच्यावरून.

केबिनमधल्या दोन गोष्टी आईबाबांना पहिल्याच संध्याकाळी हाताने करून दाखवा. एक: बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं मुख्य दार उघडायचं नाही. वारा आरपार घुसतो आणि जड दार इतक्या जोरात आदळतं की बोट सापडलं तर चेंगरतं. दोन: बाथरूमच्या दाराशी उंबरठा असतो, चांगला चार बोटं उंच. रात्री ठेच तिथेच लागते. बॅटरीवरचा छोटा दिवा बाथरूममध्ये लावून ठेवा.

धुकं पडलं तर जहाजाचा भोंगा जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने वाजत राहतो, रात्रीसुद्धा. जुलै-ऑगस्टमध्ये हे होतं. तो नियमच आहे, धोक्याची घंटा नव्हे. आधी सांगून ठेवलंत तर दोघं घाबरून उठून बसणार नाहीत.

मेतकूट

कार्यक्रमांबद्दल माझं मत: बुक करायच्या गोष्टी दोनच. स्पामधल्या गरम दगडी खुर्च्यांचा पास हवा असेल तर जहाजावर चढल्या दिवशीच घ्या, मोजकेच असतात. आणि रात्रीच्या शोची जागा. बाकी लिलाव, सेमिनार, दागिन्यांची ‘मोफत’ प्रात्यक्षिकं, सगळी विक्रीसाठीच असतात. जहाजावर निसर्गतज्ज्ञ असेल तर त्याचं व्याख्यान मात्र चुकवू नका.

पानकावळा

मेतकूट, शोबद्दल थोडं वेगळं सांगतो. थिएटर बहुधा जहाजाच्या पुढच्या टोकाला असतं. जातानाच्या रात्री आईंना तिथे तासभर अंधारात बसवणं म्हणजे त्रासाला आमंत्रण. तो शो परतीच्या बाजूला ढकला. जातानाच्या त्या रात्री पुष्कळदा फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र असते, नऊवारी किंवा पैठणी नेसून मधल्या डेकवरच्या लाउंजमध्ये बसलं की तेवढं पुरे. उजेड रात्री ९ च्या पुढेही असतो, तेव्हा झोपायच्या आधी जाड पडदे पूर्ण ओढा.

मेतकूट

पटलं. मग पहिल्या समुद्री दिवसासाठी शो नको.

कडुलिंब

विषयाबाहेरचं, पण महत्त्वाचं: आईबाबांचे भारतीय पासपोर्ट असतील तर व्हिक्टोरियासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, उतरणार नसलात तरी. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं तर १८८६ च्या कायद्यामुळे मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून हा थांबा टाळता येत नाही. व्हिसा नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच अडवतात. अर्ज अजून केला नसेल तर या आठवड्यातच करा. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेही बघून घ्या.

पाऊसवेडी

व्हिसाचं माहीत होतं, दोघांचे बोटांचे ठसे मागच्या महिन्यात देऊन झालेत. बाकी सगळं छापून ठेवतेय. परतीच्या दिवशी बॅगा कधी भरायच्या?

डोलकाठी

सकाळी, नाश्त्यानंतर लगेच. मोठ्या बॅगा रंगीत टॅग लावून रात्री १०-११ च्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात, आणि व्हिक्टोरियाहून परत चढेपर्यंत उशीर झालेला असतो. दुपारी ४ नंतरची वेळ पानकावळ्यांनी सांगितल्याप्रमाणे मोकळी हवी. बाहेर ठेवलेल्या बॅगेत इन्सुलिन, गोळ्या, पासपोर्ट आणि दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे जाऊ देऊ नका. ती बॅग थेट धक्क्यावरच परत मिळते.